शंकेचा फायदा कोणाला?



पीएम किसानची ई-केवायसी चेहरा दाखवून करायची सोय जून २०२३ मध्ये आली. ज्यांच्या बोटांचे ठसे कष्टानं झिजले, त्यांना ती बरी पडली. तिथं यंत्र एवढंच पाहतं, की समोरचा माणूस आणि आधारमधला फोटो एकाचाच आहे का. युद्धात प्रश्न वेगळा असतो: नाक्यावरच्या गर्दीतला हा चेहरा आमच्या यादीतल्या कोणाचा? यादी जेवढी मोठी, तेवढी भलताच माणूस जुळण्याची भीती जास्त. आणि यंत्र ‘हा अमुकच’ असं सांगत नाही. किती साम्य, त्याचा आकडा देतं. कितीला ‘जुळला’ म्हणायचं, हे माणसानं आधीच ठरवलेलं असतं.

माझ्या मते खरा कायद्याचा प्रश्न त्या आकड्यात आहे. जिनिव्हा करारांच्या १९७७ च्या पहिल्या पूरक प्रोटोकॉलचं कलम ५० म्हणतं, माणूस नागरिक आहे की नाही अशी शंका आली, तर त्याला नागरिकच धरा. यंत्रात ही शंका दिसेनाशी होते. साम्याची मर्यादा थोडी खाली आणली, की कालचा संशयित आजचा शत्रू ठरतो, आणि त्या बदलाखाली कोणाची सही नसते.

नोव्हेंबर २०२३. गाझातले कवी मोसाब अबू तोहा कुटुंबासह दक्षिणेकडे निघाले होते, तीन वर्षांचा मुलगा कडेवर. इस्रायली नाक्यावर त्यांना गर्दीतून बाजूला बोलावलं. मुलाला खाली ठेवावं लागलं. मारहाण झाल्याचं त्यांनी पुढे सांगितलं. दोन दिवसांनी सुटका झाली. तिथं चेहरे ओळखणारी यंत्रणा वापरात होती, हे मार्च २०२४ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’नं छापलं, आणि ती कधी कधी निरपराधांनाही संशयित ठरवते, हेही.

युक्रेननं २०२२ मध्ये याच तंत्रानं मेलेले रशियन सैनिक ओळखले. मृताची ओळख नोंदवून घरच्यांपर्यंत पोचवणं हे कायद्यानं सांगितलेलं कामच आहे. पण शत्रूचं मनोधैर्य खचावं म्हणून आईच्या मोबाइलवर मुलाच्या प्रेताचा फोटो धाडणं, याला मी त्या कर्तव्याचं नाव देणार नाही.

आपल्याकडे डीआरडीओनं मास्क, दाढी, स्कार्फ, माकडटोपी यांतूनही चेहरा ओळखणारी प्रणाली बनवली आहे. भारत १९७७ च्या प्रोटोकॉलमध्ये सामील नाही. मात्र १९४९ चे चारही करार आपण मानले, १९६० मध्ये त्यांचा कायदा केला, आणि सैनिक व नागरिक यांत भेद करण्याचं बंधन रूढ कायद्यानं सगळ्यांवरच आहे.

त्या प्रोटोकॉलचं कलम ३६ सामील देशांना नवं शस्त्र किंवा युद्धपद्धती स्वीकारण्याआधी ती कायद्यात बसते का, हे तपासायला लावतं. अशी तपासणी आपल्याला नवी नाही. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटचे भाग बनतात. दाबाची चाचणी झाल्याशिवाय ते कारखान्याबाहेर पडत नाहीत. चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीलाही अशी चाचणी हवी, आणि तिची नोंद संसदेपुढे यायला हवी. बारामती आणि इंदापूर एकाच लोकसभा मतदारसंघात आहेत. इथून लेखी प्रश्न जाऊ शकतो: साम्याची मर्यादा किती ठेवली, कोणी ठरवली, उन्हातान्हात रापलेल्या आणि डोक्यावर पदर घेतलेल्या किती चेहऱ्यांवर तपासली, आणि शंका आल्यावर थांबायचा हुकूम कोणाच्या हाती आहे?