राज्य कोणाचे?

(संस्थेच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गेल्या १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचे झेंडावंदन आटोपल्यावर नववीतील एका विद्यार्थ्याने मला हळूच विचारले, "सर, त्या दिवशी आपले राज्य गेले ना?" नागरिकशास्त्रातील व्याख्या सांगून त्याचे समाधान झाले नसते. म्हणून आज सर्वांसमक्ष उत्तर देतो.

ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याने राज्यपद्धतींचे वर्गीकरण दोन कसोट्यांवर केले. सत्ता एकाच्या हाती आहे, थोड्यांच्या की अनेकांच्या? आणि ती सर्वांच्या हितासाठी चालते की सत्ताधाऱ्यांच्या? राजाचा धर्म कोणता, ही कसोटी त्यात नाही.

आपला जिल्हा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९११ पासून मीर उस्मान अली खान गादीवर होते. १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले, हे त्यांच्या कारकिर्दीतील मोठे कार्य. परंतु ती राजाची मेहरबानी होती, प्रजेचा हक्क नव्हे. गावातला पिंजारी मुसलमान असला तरी रयतच होता. राजा कोण असावा, हे त्याला कोणी विचारले नाही. संस्थानाने भारतात सामील व्हावे असे निर्भयपणे लिहिणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान मुसलमानच होते. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची हत्या झाली.

त्या वर्षी रझाकारांच्या अत्याचारांत आणि पोलीस कारवाईनंतरच्या सूडात दोन्ही समाजांची निरपराध माणसे बळी पडली. ते दुःख कोणी नाकारू नये.

त्यानंतर मेजर जनरल जे. एन. चौधरी यांचा लष्करी अंमल आला. १९५० मध्ये एम. के. वेल्लोडी हे सनदी अधिकारी मुख्यमंत्री नेमले गेले. १९५२ मध्ये निवडणूक होऊन बुर्गुल रामकृष्णराव यांचे मंत्रिमंडळ आले. म्हणजे चार वर्षांच्या आत आपल्या आजोबांनी राजा, सेनापती, नेमलेला अधिकारी आणि निवडलेला प्रतिनिधी, अशा चार राजवटी पाहिल्या!

यातली एक गोष्ट लक्षात ठेवा. २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत तेच निजाम हैदराबाद राज्याचे राजप्रमुख होते. माणूस तोच, पण आता तो संविधानाने बांधलेला. पूर्वी त्यांचा शब्द हाच कायदा होता, आता कायदा त्यांच्याहून मोठा झाला.

मग लोकशाही म्हणजे नुसती डोकी मोजणे का? नव्हे. बहुमताला सरकार बनवता येते. परंतु अनुच्छेद १४ मधील समानता आणि अनुच्छेद ३० मधील अल्पसंख्याकांचा शिक्षणसंस्था चालविण्याचा हक्क त्यालाही मानावा लागतो. आपली संस्था कोणाच्या मेहरबानीवर नव्हे, या हक्कावर उभी आहे.

मात्र न वापरलेला हक्क गंजतो. १९८९ पासून मतदानाचे वय अठरा आहे. पालकहो, मुलाच्या निकालाची चौकशी करता, तशीच त्याचे नाव मतदारयादीत आले का याचीही करा. ग्रामसभेला जा, आयाबहिणींनाही पाठवा. रस्ता, पाणी, शाळा यांबद्दल तेथे उभे राहून विचारा.

त्या विद्यार्थ्याला माझे उत्तर असे: बाळ, त्या दिवशी गेले ते राजाचे राज्य. आपले राज्य १९५० साली संविधानाने आले, आणि ते शेजारच्या घराचेही तितकेच आहे.

जय हिंद!