तेलातले आठ थेंब

हेडफोन लावलेत ना? मी साखर कारखान्यात मेंटेनन्सला आहे. आजचा विषय दिसायला छोटा, पण ऐन सीझनमध्ये अख्खा कारखाना थांबवू शकतो: बेअरिंगच्या तेलात शिरलेलं पाणी.

बॉयलरला पाणी देणारा आमचा फीड पंप मिनिटाला साधारण 2,900 फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला 48. तो बसला आणि स्टँडबाय पंपही तयार नसला, की वाफ बंद, गाळप बंद. बाहेर उसाच्या गाड्यांची रांग, आणि तोडलेला ऊस वाळत जातो. नुकसान शेतकऱ्याचंही.

या बेअरिंगमध्ये बॉल आणि रेस यांच्यात तेलाचा थर असतो जेमतेम एक मायक्रॉनचा, बऱ्याचदा त्याहूनही कमी. आपला केस 70 मायक्रॉनच्या आसपास! मग एवढा पातळ थर टिकतो कसा? बॉलखाली प्रचंड दाब येतो आणि त्या दाबाने तेल क्षणभर जवळजवळ घट्ट होतं. पाण्याला हे जमत नाही. पाणी आलं की थर तुटतो, धातूला धातू घासतो. शिवाय ते पोलादाच्या बारीक भेगांत शिरतं, त्यातून सुटणारा हायड्रोजन पोलाद ठिसूळ करतो. गंज वेगळाच.

किती पाणी पुरतं? रिचर्ड कॅन्टली यांनी 1977 मध्ये रोलर बेअरिंगवरचे प्रयोग मांडले. त्यांच्या सूत्राने पाणी 100 पीपीएमवरून 400 वर गेलं, की बेअरिंगचं आयुष्य निम्म्याहून कमी होतं. आपल्या भाषेत, लिटरभर तेलात दोन थेंबांचे आठ थेंब झाले, बस्स!

आणि थोडं पाणी तेलात विरघळतं, दिसतच नाही. म्हणून ‘तेल स्वच्छ दिसतंय की’ यावर विसंबू नका. तेल दुधाळ झालं, म्हणजे उशीर झालाच.

सोपी चाचणी सांगतो. साधारण 160 अंशांच्या तव्यावर तेलाचा थेंब टाका. ओला कढीपत्ता फोडणीत तडतडतो तसा आवाज आला, तर पाणी आहे. गॉगल मात्र घालाच. आवाज नाही आला तरी निर्धास्त होऊ नका. थोडं पाणी यात कळत नाही, त्यासाठी नमुना लॅबला पाठवून कार्ल फिशर चाचणी करावी लागते.

पाणी येतं कुठून? ग्लँडमधून उडणारे फवारे, धुताना मारलेला पाइप, आणि पंप गार झाल्यावर ब्रीदरमधून ओढली जाणारी दमट हवा. तेव्हा ग्लँडची गळती आधी थांबवा. तेल बदलणं त्यानंतर.

चला, पुढच्या भागात भेटू!