इंजिन नवं, गाडी तीच

अब्बांच्या जुन्या जीप-पिकअपचं २२०० सीसीचं पेट्रोल इंजिन थकलं. मी नव्या बनावटीचं डिझेल इंजिन बसवायचं ठरवलं.

मिस्त्री हसला. "भाईजान, एक बदललं की सगळं बदलावं लागतं." डिझेल कमी फेऱ्यांत जोर धरतं, जुन्या गिअरांवर ते हमरस्त्यावर नुसतं ओरडणार. म्हणून पाच गिअरांचा गिअरबॉक्स. त्याची लांबी वेगळी, म्हणून प्रोपेलर शाफ्ट कापायचा. वेग वाढला, म्हणून ब्रेकही नवे. १९८८च्या कायद्याप्रमाणे आरटीओची परवानगी घेतली. आरसी बुकात इंजिन नंबर बदलला. चासी नंबर तोच राहिला.

पहिल्या दिवशी अम्मी म्हणाली, "हा आवाज त्यांच्या गाडीचा नाही." मी गप्प झालो. मग तिनं दारावरचा जुना पोचा चाचपला, आत बसली आणि म्हणाली, "चल."