गर्दीतील एकटेपणा आणि सावडीची रीत



एकांत आणि एकटेपणा या दोहोंत मोठे अंतर आहे. एकांत मनुष्य स्वेच्छेने स्वीकारतो. एकटेपणा मात्र त्याच्या वाट्याला येतो. निघोजे गावात आज हा एकटेपणा भर गर्दीत नांदतो आहे.

खेड तालुक्यातील हे गाव पूर्वी शेतीवर जगत असे. चाकणचे औद्योगिक क्षेत्र विस्तारत गेले. २००९ मध्ये या परिसरात फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला, पुढे महिंद्राचा कारखाना निघोजेच्या हद्दीत उभा राहिला. मराठवाडा, विदर्भ, बिहार, उत्तर प्रदेश येथून तरुण पोटासाठी आले आणि शेतांच्या जागी भाड्याच्या खोल्या उभ्या राहिल्या.

एका खोलीत चौघे राहतात. पण पहिल्या पाळीचा तरुण बाहेर पडतो, तेव्हा रात्रपाळीचा परतलेला नसतो. कंत्राटी नोकरी सुटली की खोलीही सुटते आणि ओळख मैत्रीपर्यंत पोहोचतच नाही. भिंतीपलीकडे घरमालक असलेला वृद्ध शेतकरी बसून असतो. पूर्वी पेरणी-काढणीला सावड होई. एकाच्या शेतात दहाजण राबत व एकत्र जेवत. जमीन गेली, तसे भेटीचे ते निमित्तही गेले. आता मालक आणि भाडेकरू यांची गाठ पडते ती केवळ भाड्याच्या दिवशी. एका भिंतीच्या दोन्ही बाजूंस दोन एकटी माणसे राहतात.

हा केवळ मनाचा हळवेपणा नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने जून २०२५ च्या अहवालात नमूद केले आहे की, जगात दर सहा माणसांपैकी एकास एकटेपणा ग्रासतो व त्याच्याशी निगडित मृत्यू वर्षाकाठी सुमारे ८ लाख ७१ हजार आहेत. हृदयविकार, पक्षाघात आणि नैराश्य यांचा धोका त्यामुळे वाढतो. ब्रिटनने तर २०१८ मध्ये या प्रश्नाची जबाबदारी एका मंत्र्याकडे सोपविली.

यावर 'मन रमवा' हा उपदेश पुरेसा नाही. सावडीचे मर्म तीन गोष्टींत होते : ठरलेली वेळ, हाताला काम आणि परतफेडीचा मान. दानात देणारा वर व घेणारा खाली असतो. सावडीत दोघे समान असतात. म्हणून हरिनाम सप्ताहात परगावच्या तरुणाला पंगतीत बसवावेच, पण वाढपही त्याच्या हाती द्यावे. त्याने आजोबांचा मोबाइलवरील अर्ज भरून द्यावा, दवाखान्यात सोबत जावे. आजोबांनी त्याला नावाने हाक मारावी, घरची खुशाली विचारावी. नवऱ्यामागे दिवसभर खोलीत बसणाऱ्या सुनेला शेजारच्या काकूंनी पापड-कुरडयांच्या कामाला बोलवावे. आठवड्याचा मेळावा सकाळ-संध्याकाळ असा दोनदा ठेवावा, म्हणजे कोणत्याही पाळीचा माणूस वंचित राहणार नाही. उदासी हटतच नसेल, तर २०२२ पासून सुरू असलेल्या टेली-मानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक निःसंकोच फिरवावा.

केवळ उभ्या धाग्यांनी वस्त्र होत नाही. आडवा धागा त्यांत विणावा लागतो. गावकरी हा उभा धागा, बाहेरून आलेला आडवा. ही वीण निघोजे गावात घट्ट होवो, हीच सदिच्छा.