‘गेट’ परीक्षा आणि अभ्यासाचे वेळापत्रक
(विद्यार्थी गुणगौरव समारंभातील भाषण)



एम. टेक.च्या प्रवेशासाठी ‘गेट’ परीक्षेस बसू इच्छिणारी कित्येक मुलेमुली आज येथे उपस्थित आहेत. परीक्षा फेब्रुवारीत असते. तीन तासांत ६५ प्रश्न, १०० गुण. हाती सहा महिने आहेत असे धरून आम्ही बोलतो.

वेळापत्रक म्हटले की पहाटे चारपासूनचा तक्ता भिंतीवर लागतो, आणि चौथ्या दिवशी तो मोडतो. तो इच्छेच्या मापाने बेतलेला असतो, वेळेच्या नव्हे. प्रथम आठवडाभर काहीच आखू नये. नोकरी, प्रवास व घरकाम वजा जाता किती तास उरतात तेवढे वहीत टिपावे. रोज अडीच आणि रविवारी सहा तास उरले, तरी २४ आठवड्यांत ५०० तास होतात. हे भांडवल लहान नव्हे.

सामान्य अभियोग्यतेस १५ गुण, आणि बहुतेक अभियांत्रिकी शाखांत गणितास सुमारे १३. ‘सोपे आहे, शेवटी पाहू’ म्हणून नेमके हेच मागे पडते. त्यास पहिल्या दिवसापासून रोज अर्धा तास द्यावा.

अखेरच्या आठ आठवड्यांत नवा धडा घेऊ नये. दर रविवारी मागील एक प्रश्नपत्रिका घड्याळ लावून, संगणकावरच सोडवावी; परीक्षेत स्वतःचा गणकयंत्र चालत नाही, पडद्यावरचाच वापरावा लागतो. सोमवारी चुका तपासाव्यात: विषय आला नाही, आकडेमोड चुकली, की प्रश्नच नीट वाचला नाही? एकच पर्याय निवडावयाच्या प्रश्नात एका गुणाचे उत्तर चुकल्यास एकतृतीयांश व दोन गुणांचे चुकल्यास दोनतृतीयांश गुण कापला जातो. संख्या लिहावयाच्या प्रश्नांत कपात नाही. कोठे धाडस करावे, हे त्या वहीवरूनच कळते.

आता पालकांस थोडे परखड बोलतो. मुलगा अभ्यासास बसला की घरातला रेडिओदेखील हळू होतो. मुलीच्या अडीच तासांतून मात्र पाहुण्यांचा चहा, धाकट्यांची शिकवणी, स्थळ पाहणे, सारे निघते. मग वेळापत्रक तिने मोडले म्हणावे काय? लग्न ठरले म्हणून परीक्षाच सोडविण्याचे तर कारण नाही. निकालानंतर गुणांक ३ वर्षे ग्राह्य असतो.

मंडळाच्या वाचनालयातील दोन संगणक रविवारी सकाळी ९ ते १२ या परीक्षार्थींसाठी राखून ठेवले आहेत. नावे आजच चिटणीसांकडे द्यावीत. मुलींची नावे आम्ही आधी लिहून घेऊ.