वाट आणि वेळ : समवेग गतीचा एक पाठ



दोन वाटा जेथे एकमेकींस छेदतात, तेथे त्या वाटांवरील दोन वाटसरूंची गाठ पडेलच काय? हा प्रश्न सातवीच्या वर्गात विचारला, तर पुष्कळ मुले चटकन होकार देतील. हे उत्तर चुकीचे असले तरी मूर्खपणाचे नाही. फळ्यावरील आकृतीत वाट दिसते, वेळ दिसत नाही. ही न दिसणारी वेळ विद्यार्थ्यांच्या दृष्टीस आणून देणे, हेच या पाठाचे प्रयोजन होय.

हा पाठ पटांगणात घ्यावा. फक्कीने काटकोनात छेदणाऱ्या दोन रेषा आखाव्यात. एक पूर्वेकडे, दुसरी उत्तरेकडे. त्यांचा छेद हा आरंभबिंदू. तेथून अर्ध्या मीटरच्या घरांची जाळी आखावी; पूर्वेस 12 घरे, उत्तरेस 8 घरे पुरेत. पूर्वेकडील अंतरास क्ष व उत्तरेकडील अंतरास य म्हणावे. शिक्षकाने सारख्या अवधीने टाळ्या वाजवाव्यात आणि झालेल्या टाळ्यांची संख्या क या अक्षराने दाखवावी.

पहिल्या विद्यार्थिनीस पूर्वेस 1 घर व उत्तरेस 2 घरे अशा जागी उभे करावे. एका टाळीपासून दुसरीपर्यंत तिने पूर्वेस 2 व उत्तरेस 1 घर जाईल अशा बेताने सरळ तिरपे चालावे आणि प्रत्येक टाळीस एक खडा ठेवावा. तिचे स्थान असे लिहिता येते :

क्ष = 1 + 2क
य = 2 + क

यांतील सुटे अंक आरंभीचे स्थान सांगतात, तर क चे गुणक त्या त्या दिशेचा वेग सांगतात. क्ष आणि य हे दोन्ही ज्याच्या आधाराने ठरतात, त्या क ला प्राचल म्हणतात आणि या जोडीस प्राचल समीकरणे म्हणतात.

खड्यांवरून दोरी ताणली असता सर्व खडे एका रेषेत व समान अंतरावर आढळतात. परंतु येथे एक सावधगिरी हवी. एखादे मूल दोन टाळ्यांच्या मध्ये धावून मग थांबले, तरी खडे तसेच पडतील. गॅलिलिओने 1638 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात समगतीची व्याख्या करताना, "कोणत्याही" समान कालावधीत समान अंतर तोडले गेले पाहिजे, असा आग्रह धरला तो याचसाठी.

आता दुसऱ्या विद्यार्थ्याने पूर्वेकडील रेषेवर 7 व्या घराच्या टोकाशी उभे राहून दर टाळीस 1 घर उत्तरेकडे जावे. त्याची समीकरणे : क्ष = 7, य = क. दोघांच्या वाटा (7, 5) या बिंदूत छेदतात. मुलांनी आधी भाकीत करावे, मग दोघांनी चालावे. पहिली तेथे तिसऱ्या टाळीस पोहोचते. दुसरा पाचव्या टाळीस. तोवर पहिली (11, 7) येथे गेलेली असते. गाठ पडत नाही! दुसऱ्यास (7, 2) पासून निघण्यास सांगितले, तर मात्र य = 2 + क होऊन तिसऱ्या टाळीस दोघे समोरासमोर येतात.

यानंतर फळ्यावर पहिल्या जोडीतून क काढून टाकावा. क = य − 2, म्हणून क्ष = 2य − 3. हे त्या वाटेचेच समीकरण आहे. परंतु त्यात वाट राहिली आणि वेळ लोपली. तीच विद्यार्थिनी दुप्पट वेगाने चालली असती, तरी हेच समीकरण आले असते. आरंभीच्या चुकीच्या उत्तराचे मूळ येथे सापडते.

हे ज्ञान केवळ वहीपुरते नाही. शाळेत येताना मोठा रस्ता ओलांडणाऱ्या मुलाची वाट मोटारीच्या वाटेस रोजच छेदते. दोघे एकाच क्षणी एकाच जागी न येणे, यातच त्याची सुरक्षितता असते. मोटार दूर आहे एवढे पाहून भागत नाही. ती किती वेळात पोहोचेल आणि आपणास ओलांडण्यास किती वेळ लागेल, याचा विचार करावा लागतो. शिवाय मोटारीचा वेग सम राहीलच असे नाही, म्हणून मध्ये भरपूर अवधी हवा.

ज्या मुलाने आरंभी चुकीचे उत्तर दिले, त्यासच शिक्षकाने पटांगणात प्रथम चालावयास सांगावे. जे त्याच्या पायांस कळेल, ते समीकरणात ओळखणे त्यास कठीण जाणार नाही.