शून्य कोण मोजणार?



आजचा विषय तुम्हाला कोरडा वाटेल. वकिलीचं शिक्षण कुणाला मिळतं, कुणाला परवडतं, याच्या संशोधनाला पैसा कुणी द्यायचा आणि तो कुणाच्या हातात पडायचा? मोर्चे सोडून हे कसलं कारकुनी काम, असं कुणी म्हणेल. म्हणू द्या.

12 मार्च 1927. मुंबईच्या कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर चर्चा चालली होती. बाबासाहेब उभे राहिले आणि त्यांनी आकडे मांडले. दर दोन लाख लोकांमागे कॉलेजात किती? पुढारलेले हिंदू 1,000. मुसलमान 52. मधल्या जाती 14. आणि मागासवर्ग? शून्य, फार तर एक. गरिबाला परवडेल इतकं शिक्षण स्वस्त करा, असं त्यांनी सरकारला सुनावलं. त्यानंतर आठच दिवसांनी, 20 मार्चला, चवदार तळ्याचं पाणी पेटलं. आकडा आणि लढा एकाच महिन्यातले, एकाच माणसाचे. आपण तळं लक्षात ठेवलं, आकडा विसरलो.

पैशाची नड बाबासाहेबांनाही चुकली नाही. बडोद्याच्या स्कॉलरशिपची मुदत संपली म्हणून 1917 साली लंडनचं शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावं लागलं. 1920 साली पुन्हा गेले ते सिडनहॅमच्या पगारातून वाचवलेले पैसे, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेनांची उसनवारी यांच्या जोरावर. तेव्हा कुठे बॅरिस्टरी पुरी झाली.

आज काय चित्र आहे? 1 डिसेंबर 2024 ला राष्ट्रीय विधी विद्यापीठांची प्रवेश परीक्षा झाली. नुसत्या फॉर्मचे आपल्या पोरांकडून 3,500 रुपये घेतले. पेपर इंग्रजीत. नगरपालिकेच्या शाळेत मराठीत शिकलेल्या पोरीनं काय करायचं? पुढे फी लाखांत, वसतिगृह वेगळं, पुस्तकं वेगळी. पास झाल्यावर सीनियरच्या फायली वाहायच्या. मी दोन वर्षं वाहिल्या. बसभाडंसुद्धा मिळालं नाही. बाप हमाली करत होता म्हणून मी टिकलो. माझ्या बरोबरचे दोघे कुरिअरच्या गाडीवर बसले ते परत कोर्टात आलेच नाहीत. ते कुठल्या रजिस्टरात आहेत? कुठल्याच नाही.

संशोधन झालेलंच नाही असं नाही. शमनाद बशीर यांनी 2010 मध्ये सुरू केलेल्या ‘आयडिया’ संस्थेनं विधी विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. बहुतेक पोरं इंग्रजी शाळांतली, सुखवस्तू घरची निघाली. काम मोलाचं आहे. पण ती मोजणी आत शिरलेल्यांची झाली. दारापर्यंतच न पोचलेल्यांची मोजणी कोण करणार?

आकड्यानं काय होतं, म्हणता? वकिलीच्या सनदेसाठी राज्याराज्यांत 15,000 ते 42,000 रुपये उकळले जात होते. वर्षानुवर्षं सगळे गुमान भरत होते. कुणीतरी हे आकडे गोळा करून सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवले. 30 जुलै 2024 ला निकाल लागला: 1961 च्या कायद्यात आहे तेवढीच फी घ्या. खुल्या वर्गाला 750, अनुसूचित जाती-जमातींना 125. एवढी जबर फी दुबळ्यांना धंद्याबाहेर ठेवते, हेही न्यायालयानं मान्य केलं. कायद्यातलं कलम जुनंच होतं. नवी होती ती मोजणी.

2025 साली अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले. आपण पेढे वाटले, वाटायलाच हवे होते. पण एका खुर्चीनं शून्याची भरपाई होत नाही.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. शिक्षणावरच्या संशोधनाचा सरकारी पैसा या शून्याच्या मोजणीला मिळाला पाहिजे. मोजणारे वस्तीतले, लॉ कॉलेजातले आपले पोरंपोरी असावेत, आणि त्यांना रोजच्या कामाचा रोख मोबदला मिळावा. फुकट सेवा आपल्या बापजाद्यांनी भरपूर केली. फॉर्म कुणी भरला नाही, कॉलेज कुणी सोडलं, सनद घेऊनही कोर्ट कुणी सोडलं, हे घरोघर जाऊन विचारा. अहवाल मराठीत निघाला पाहिजे, वस्तीत वाचला गेला पाहिजे.

आपल्यावर लिहून दुसरे डॉक्टर होतात. आपण त्यांना माहिती देतो, वर चहा पाजतो. आता वही आपल्या हातात पाहिजे.

सरकार पैसा देईपर्यंत वाट बघायची नाही. येत्या रविवारपासून आपापल्या गल्लीत सुरुवात करा. एक वही, एक पेन आणि एकच प्रश्न: तुझ्या घरातल्या कुणाला वकील व्हायचं होतं, आणि तो का झाला नाही?

जयभीम.